दुर्बिणीची घसरती नळी

दुर्बीण घरी आली म्हणजे आकाश अंगणात आले, असे नवशिक्या निरीक्षकास वाटते. पहिल्या काही रात्री ते खरेही ठरते. चंद्रावरील विवरे दिसतात. गुरूचे चंद्र त्याच्या आजूबाजूला एका ओळीत आढळतात. पुढे एके रात्री मात्र निराळेच घडते. गुरू डोक्यावर आलेला असतो. दुर्बीण उभी करून त्याचे बिंब रेखीव केले जाते आणि गुंडीवरचा हात काढताच ते हळूहळू फुगू लागते, पुसट होते व अखेरीस पांढुरका डाग तेवढा उरतो. पुन्हा गुंडी फिरवावी, तर पुन्हा तोच प्रकार. मग कोणी भिंगाला दोष देतो, कोणी आपल्या डोळ्यांना. अशा वेळी पेटीत गेलेल्या कितीतरी दुर्बिणी पुन्हा बाहेर निघतच नाहीत.

वास्तविक भिंगात काहीच बिघडलेले नसते. दुर्बिणीच्या पुढच्या टोकास असलेले मोठे भिंग ताऱ्याचे किरण मागच्या टोकाशी एका बिंदूत गोळा करते. त्या बिंदूस नाभी म्हणतात. डोळ्याजवळचे लहान भिंग, म्हणजे नेत्रिका, या नाभीपासून नेमक्या अंतरावर असेल तरच प्रतिमा रेखीव दिसते. हे अंतर किती नेमके असावे? मोठ्या भिंगाचा व्यास ७० मिलिमीटर व नाभीय अंतर ७०० मिलिमीटर असलेल्या दुर्बिणीत चुकीला मुभा असते ती सुमारे एक दशांश मिलिमीटरची. वहीच्या एका पानाच्या जाडीएवढी! नेत्रिका ज्या सरकत्या नळीत बसविलेली असते, ती याहून थोडी अधिक घसरली की प्रतिमा बिघडू लागते.

गॅलिलिओने १६१० च्या जानेवारीत गुरूचे चंद्र प्रथम पाहिले, तेव्हा त्याच्या दुर्बिणीला गुंडी नव्हती. एका नळीत दुसरी नळी बसविलेली असे व ती हातानेच मागेपुढे सरकवावी लागे. तिला जागच्या जागी धरून ठेवी ते केवळ घर्षण. आजच्या साध्या दुर्बिणीत सरकत्या नळीवर दातेरी पट्टी असते. गुंडीच्या आसावरील लहानसे दातेरी चाक त्या पट्टीत अडकते, आणि गुंडी फिरली की नळी सरकते. परंतु दाते नळीला सरकवितात. थांबवून धरण्याचे काम अजूनही बव्हंशी घर्षणाकडेच आहे. आसावर एक लहान पट्टी स्क्रूंनी दाबून बसविलेली असते, तिच्या दाबामुळे आस आपोआप फिरत नाही. वापराने हे स्क्रू सैल होतात, आणि दाब कमी होतो. दुर्बीण आडवी असताना हा दोष लपून राहतो. ती डोक्यावरच्या ग्रहाकडे वळविली की नळी खाली लोंबते, नेत्रिकेचा सारा भार तिला खाली ओढतो आणि सैल झालेला आस आपोआप फिरू लागतो.

दुरुस्ती दिवसा, उजेडात करावी. प्रथम नेत्रिका काढून ठेवावी, नाहीतर स्क्रू सैल होताच नळीसह ती जमिनीवर यावयाची. दुर्बीण आडवी ठेवावी व खाली एखादे ताट घ्यावे. पडलेला स्क्रू मातीत शोधण्यापेक्षा ताटात सापडलेला बरा. गुंड्यांच्या मधोमध आसावर जी पट्टी दिसते, तिच्यावर बहुधा दोन किंवा चार लहान स्क्रू असतात. ते बरोबर मापाच्या स्क्रूड्रायव्हरने आवळावेत. पण एकच स्क्रू एकदम पुरता आवळू नये. तबला स्वरात लावताना वादक एकाच गठ्ठ्यावर हातोडी मारीत बसत नाही. तो तबला फिरवीत थोडे येथे, थोडे तेथे असे ठोकत जातो. येथेही तसेच करावे. प्रत्येक स्क्रू अष्टमांश फेरा फिरवावा आणि गुंडी चालवून पाहावी. ती किंचित जड लागली पाहिजे; अडखळता कामा नये. अति आवळल्याने दात्यांची झीज होते, आणि प्लॅस्टिकचे दाते तर तुटतातच.

नळीच्या वर दिसणारा अडकणीचा स्क्रू हा या रोगावरचा उपाय नव्हे. प्रतिमा जुळल्यावर नळी स्थिर करण्यापुरता तो असतो. तो आवळलेला ठेवून गुंडी जोराने फिरविणारे नळीला चरे पाडतात. आस नीट दाबला असूनही नळी डुगडुगत असेल, तर ती ज्या भोकातून सरकते तेथे गुळगुळीत प्लॅस्टिकची पातळ पट्टी चिकटविल्याने काम भागते.

आता परीक्षा. नेत्रिका पुन्हा बसवावी, दुर्बीण उभी करावी, नळी अर्धी बाहेर काढावी आणि तिच्या कडेशी पेन्सिलीने बारीक रेघ ओढावी. दहा मिनिटांनी रेघ जागेवरच असली तर घसरण थांबली. नंतर दूरच्या मनोऱ्यावर प्रतिमा जुळवून पाहावी; सूर्याकडे मात्र दुर्बीण चुकूनही वळवू नये, डोळा कायमचा जाईल.

घर्षणाचा हाच गुण इंग्लंडमधील क्रेफर्ड येथील जॉन वॉल या हौशी खगोलनिरीक्षकाने पुरता ओळखला. १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत त्याची नवी रचना प्रसिद्ध झाली. तिच्यात दाते मुळी नाहीतच. गुळगुळीत आस नळीच्या सपाट बाजूवर दाबलेला असतो आणि केवळ घर्षणाने तिला सरकवितो. ‘क्रेफर्ड’ याच नावाने ही रचना जगभर वापरली जाते. तिच्या आसाला वंगण मात्र कधी लावू नये. दात्यांना थोडे वंगण मानवते; येथे एक थेंब लागला तरी नळी घसरू लागते, आणि मग स्पिरिटमध्ये भिजविलेल्या फडक्याने आस स्वच्छ पुसावा लागतो. वॉलने या शोधाचे एकस्व घेतले नाही. तो त्याने हौशी निरीक्षकांसाठी खुला ठेवला.