तापी राष्ट्रीय जलमार्ग आहे, मग होडीला वाट का नाही?

प्रश्न : आमचे गाव तापीकाठी, शिंदखेडा तालुक्यात आहे. घरची होडी आहे. मासेमारी आणि पैलतीरी माणसे पोचवणे, दोन्ही तिच्यावरच चालते. पावसाळ्यात धरणाचे दरवाजे केव्हा उघडतील ते कळत नाही, उन्हाळ्यात होडी गाळात रुतते, घाटाच्या पायऱ्या उखडल्या आहेत. तक्रार घेऊन गेलो की एक कार्यालय दुसऱ्याकडे पाठवते आणि शेवटी ‘यासाठी तरतूद नाही’ असे उत्तर मिळते. आता ऐकतो, की तापी हा राष्ट्रीय जलमार्ग आहे. मग त्याचा पैसा जातो कुठे? आणि नदी नेमकी कोणाच्या ताब्यात आहे?

उत्तर : तुम्ही ऐकले ते खरे आहे. संसदेने २०१६ साली राष्ट्रीय जलमार्ग कायदा केला. आधीचे ५ आणि नवे १०६ असे १११ जलमार्ग त्याच्या यादीत आहेत. तापीचा क्रमांक त्यात १०० वा आहे. हतनूर धरणापासून खंबायतच्या आखातापर्यंतचा ४३६ किलोमीटरचा पट्टा त्यात येतो, म्हणजे तुमच्या गावासमोरचे पात्रही आले.

गैरसमज होतो तो यापुढे. यादीत नाव आले की दरवर्षी त्या नदीसाठी ठरावीक रक्कम निघते, असे आपण धरून चालतो. कायद्यात तसे काही नाही. जलमार्ग जाहीर झाल्यावर त्या पट्ट्यातल्या यांत्रिक जहाजवाहतुकीचा विकास आणि नियमन केंद्राच्या अखत्यारीत जाते, एवढाच त्याचा अर्थ. हे काम १९८६ साली स्थापन झालेले भारतीय अंतर्देशीय जलमार्ग प्राधिकरण पाहते. आधी पाहणी, मग अहवाल, मग मालवाहतूक परवडेल का याचा हिशोब आणि तो जमला तरच खर्च, असा क्रम असतो. गावचा घाट, पैलतीराची फेरी, कोळी-भोई बांधवांची होडी यांच्यासाठी त्या कायद्यात रक्कम बांधून दिलेली नाही.

तो हिशोब तापीवर जमणे अवघड का, हे नदीच्या स्वभावावरून कळते. मध्य प्रदेशात मुलताईला उगम पावणारी ही ७२४ किलोमीटरची नदी पावसावर चालते. तिचे बहुतेक पाणी पावसाळ्याच्या चार महिन्यांत वाहून जाते, नंतर प्रवाह झपाट्याने ओसरतो. ‘पूर्वी सुरतेहून गलबते थेट खानदेशात येत’ असे पुष्कळदा सांगितले जाते, पण तेही बरोबर नाही. सतराव्या शतकातला सुरत-बऱ्हाणपूर व्यापार नवापूर, नंदुरबारमार्गे बैलगाड्या आणि तांड्यांनी चाले. खानदेशात तापीवरची नाव मुख्यतः या तीरावरून त्या तीरावर जाई. जलमार्गाचा कायदा नदीच्या लांबीचा विचार करतो आणि तुमची गरज तिच्या रुंदीची आहे. एवढे ध्यानात घेतले की पुढचा गुंता बराच सुटतो.

आता धरणांकडे वळू. हतनूर, शेळगाव, सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा आणि पुढे गुजरातेत उकाई व काकरापार, अशा बांधकामांनी नदी जिन्यासारखी पायऱ्यापायऱ्यांची झाली आहे. प्रत्येक पायरीवर पाणी साठते, पण एका पायरीवरून दुसरीवर होडी नेण्याची सोय नाही. अशी सोय अशक्य नसते. गंगेवर फरक्क्याला बंधाऱ्याच्या बाजूने कालव्यात दोन टोकांना दरवाजे असलेली कोठी आहे. नाव आत घ्यायची, मागचा दरवाजा लावायचा, आतले पाणी पुढच्या पातळीला आणायचे आणि समोरचा दरवाजा उघडायचा. तापीवरचे बंधारे मात्र सिंचन, पिण्याचे पाणी अशा वापरांसाठी आखले गेले. ज्या वापराची मागणीच नव्हती, त्याची सोय आराखड्यात आली नाही.

दरवाजे अचानक उघडतात, या तक्रारीमागे कोणाचा आकस नाही. हतनूरला तापी आणि पूर्णा या दोन्ही नद्यांचे पाणी येते, म्हणजे मध्य प्रदेश आणि विदर्भात पडलेला पाऊस तिथे पोचतो. धरणाची मूळ साठवण क्षमता मात्र ३८८ दशलक्ष घनमीटर. उकाईची मूळ क्षमता सुमारे ७,४०० दशलक्ष घनमीटर आहे, म्हणजे जवळपास १९ पट. पूर धरून ठेवायला हतनूरला जागाच नाही, म्हणून त्याचे ४१ दरवाजे पावसाळ्यात पुनःपुन्हा उघडावे लागतात. खालच्या बंधाऱ्यांचे दरवाजेही पुराच्या काळात उघडे ठेवतात, म्हणजे पूर अडत नाही आणि गाळही वाहून जातो. पावसाळा सरताना ते बंद करून पाणी अडवले जाते. तेव्हा पुरात तुमची होडी बांधून ठेवावी लागणे अटळ आहे. इशारा वेळेवर न मिळणे मात्र अटळ नाही, आणि ती तक्रार पूर्णपणे रास्त आहे.

उन्हाळ्यातल्या गाळाचे कारण वेगळे आहे. साठलेले पाणी कोणाला किती द्यायचे, याचा क्रम धोरणाने ठरतो. १९८७ च्या राष्ट्रीय जलनीतीत नौकानयन पिण्याचे पाणी, सिंचन आणि जलविद्युत यांच्यानंतर चौथ्या स्थानावर होते. २००२ च्या नीतीत ते ‘इतर उपयोगां’सोबत शेवटी गेले. पिण्याच्या पाण्याला पहिला मान मिळालाच पाहिजे, यात वाद नाही. पण आवर्तने ठरवणाऱ्या बैठकांत शेतकरी, नगरपालिका आणि उद्योग आपली मागणी मांडतात, होडीवाल्यांची मागणी तिथवर सहसा पोचत नाही. त्यामुळे घाटापाशी होडी तरंगण्याइतके पाणी राहावे, हा विचार नियोजनात येत नाही. ‘नदी एकदा खोल करून टाका’ हा उपायही टिकाऊ नाही. पुढचा पूर गाळ पुन्हा आणून टाकतो आणि वाळूचा बेसुमार उपसा झालेल्या जागी तर होडीला आणि पोहणाऱ्याला घातक डोह तयार होतात.

नदी कोणाच्या ताब्यात, याचे उत्तर एका नावाने देता येत नाही. पाणी, धरणे आणि बंधारे जलसंपदा विभागाकडे, म्हणजे आपल्या भागात जळगावच्या तापी पाटबंधारे विकास महामंडळाकडे. पात्र आणि वाळू महसूल खात्याकडे, मासेमारीचे ठेके मत्स्यव्यवसाय विभागाकडे, सांडपाण्याचे नियमन प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे. मोठे पूल सार्वजनिक बांधकाम विभागाकडे आणि गावचा घाट ग्रामपंचायत व जिल्हा परिषदेकडे. मोटार बसवलेल्या होडीची नोंदणी महाराष्ट्र सागरी मंडळाकडे. तुम्हाला एका कार्यालयाने दुसरीकडे पाठवले त्यात टाळाटाळ असू शकते, पण पुष्कळदा समोरच्या माणसाकडे तो अधिकारच नसतो.

पैशाचे कोडे इथेच उलगडते. धरणाला निधी मिळतो तो इतके हेक्टर भिजेल, अमुक शहराला पाणी मिळेल या हिशोबावर. पाणीपट्टीचे दर महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण ठरवते, तेही सिंचन, घरगुती आणि औद्योगिक वापरासाठी. वाळूचे उत्पन्न महसुलात जाते, मासळीचे ठेके मत्स्यव्यवसायात. या सगळ्या खातेवह्यांत पैलतीराच्या फेरीचे पान नाही. शिवाय सिंचनाचीच कामे रखडलेली आहेत. अमळनेर तालुक्यातला पाडळशाचा निम्न तापी प्रकल्प सुमारे १४२ कोटींचा म्हणून सुरू झाला आणि त्याची सुधारित किंमत ४,८०० कोटींच्या पुढे गेली. अशा वेळी घाटाचा अर्ज फायलीच्या तळाशी जातो. सावळदे, गिधाडे यांसारखे पूल झाल्यावर नावेची गरज संपली, असाही एक समज कार्यालयांत असतो. पुलापासून लांबच्या गावाला मात्र ती गरज रोजची आहे.

होडीवाल्यांनी शुल्क भरले तर प्रश्न सुटेल का? इंग्लंडात थेम्स नदीवर तसे आहे. भरती-ओहोटीच्या टप्प्याच्या वर तिथे अनेक जलपाश म्हणजे फरक्क्यासारख्या कोठ्या आहेत आणि नोंदणी केलेल्या बोटींकडून वार्षिक शुल्क घेतात. तरीही ते पुरत नाही, सरकारचे अनुदान लागतेच, आणि शुल्क वाढते पण देखभाल घटते अशी ओरड तिथेही असते. हौशी बोटींच्या शुल्कावर जिथे नदी सांभाळली जात नाही, तिथे पोटासाठी वल्हे मारणाऱ्याकडून तो भार उचलला जावा, ही अपेक्षा अन्यायाची आहे. पैलतीराची वाट हा गावरस्त्याचाच भाग आहे आणि तिचा खर्च रस्त्यासारखा सार्वजनिक पैशातूनच व्हायला हवा.

तसे होऊ शकते, याचा दाखला शेजारीच आहे. नंदुरबार जिल्ह्यात सरदार सरोवराच्या फुगवट्यात पाड्यांपर्यंत पोचण्यासाठी तरंगते दवाखाने सुरू झाले. तो पैसा कोणत्याही नदी योजनेतून आला नाही. रुग्णांची गरज आरोग्य विभागाच्या खात्यात मांडता आली, म्हणून मिळाला. गरजेला योग्य खाते सापडले की तरतूद होते.

म्हणून ‘जलमार्ग विकसित करा’ अशी एकच मोठी मागणी करण्याऐवजी पाच छोट्या मागण्या योग्य दारी न्याव्यात. घाटाच्या दुरुस्तीसाठी ग्रामसभेचा ठराव करून ग्रामपंचायतीचा वित्त आयोगाचा निधी, ग्रामविकास विभागाच्या २५१५ या लेखाशीर्षाखालच्या मूलभूत सुविधा किंवा जिल्हा नियोजन समिती यांच्याकडे जावे. होडी आणि जाळ्यांच्या अनुदानासाठी मच्छीमार सहकारी संस्थेमार्फत मत्स्यव्यवसाय कार्यालयात अर्ज करावा. विसर्गाचा इशारा होडीवाल्यांच्या मोबाइलवर थेट आणि पुरेसा आधी मिळावा, अशी लेखी मागणी पाटबंधारे उपविभागाकडे आणि जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाकडे करावी. सोबत नावे आणि क्रमांकांची यादी जोडली, तर ‘कोणाला कळवायचे?’ हा प्रश्नच उरत नाही. आवर्तनाच्या बैठकीआधी घाटापाशी लागणारी किमान पातळी लिहून द्यावी.

पाचवी मागणी सुरक्षिततेची, आणि तिची सुरुवात आपल्याकडून व्हायला हवी. १९१७ च्या जुन्या कायद्याच्या जागी २०२१ साली अंतर्देशीय जहाज कायदा आला. मोटारीच्या होडीला नोंदणी आणि तपासणी त्यात सक्तीची आहे. मे २०२४ मध्ये उजनीच्या जलाशयात कळाशी ते कुगाव या फेरीची बोट वादळात उलटून सहा जण गेले. वाऱ्याची चिन्हे दिसताच फेरी बंद ठेवणे आणि प्रत्येक उतारूला जीवरक्षक जाकीट देणे याला निधीची वाट पाहू नये. जाकिटांची मागणी घाटाच्या ठरावातच घालावी.

तापीचे नियोजन करणाऱ्यांनी पाणी, वाळू आणि मासळी यांच्या जोडीला पैलतीराचा रकानाही धरायला हवा. तो आपोआप धरला जाणार नाही. काठावरच्या पाच-सात गावांच्या ग्रामसभांनी एकाच मजकुराचा ठराव केला, तर तो एका होडीवाल्याच्या अर्जापेक्षा नक्कीच वजनदार ठरेल.