पाच मिली

गेल्या श्रावणातली गोष्ट. धाकटा दीड वर्षाचा होता. संध्याकाळी कडेवर घेतला तेव्हा मानेला चटका बसला. थर्मामीटर काखेत धरला, तर १०३.२. घरात आम्ही तीन मोठी माणसं, मी, नवरा आणि सासूबाई. तिघांनीही त्या रात्री जे जे केलं ते त्याच्या भल्यासाठीच केलं, आणि त्यातलं निम्मं चुकलं.

सासूबाईंनी आधी मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. त्याला माझी काही हरकत नाही. पोराला त्रास होत नाही आणि म्हातारीच्या जिवाला बरं वाटतं. पण मग त्यांनी त्याला गोधडीत गुंडाळलं, घाम आला की ताप उतरतो म्हणून. मी गोधडी काढली आणि फ्रिजमधल्या पाण्याच्या पट्ट्या सुरू केल्या. पोरगं थडथडायला लागलं. मला वाटलं, ताप वाढतोय. खरं तर गार पाण्यानं कातडीखालच्या रक्तवाहिन्या आवळतात, हुडहुडी भरते आणि त्या हुडहुडीनंच आत आणखी उष्णता तयार होते. गोधडीनं ती कोंडली जाते, बर्फाच्या पाण्यानं ती वाढते. सासूसुना दोघी एकाच पंगतीत. त्याला हवा होता एक पातळ सुती सदरा, मंद पंखा, आणि पुसायचंच झालं तर कोमट पाणी. तेही त्याला नकोसं वाटत नसेल तरच.

आता औषधाचं सांगते, कारण खरी चूक तिथं झाली. मागच्या तापात डॉक्टरांनी चिठ्ठीवर ‘५ मिली’ लिहिलं होतं, ते माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं. कपाटात पॅरासिटामॉलची बाटली होती. रंग तोच, वास तोच, कंपनीही तीच. साडेनऊला ५ मिली पाजलं. बारा वाजता मी डुलकी काढत होते, पोर कण्हलं, नवऱ्यानं उठून ५ मिली दिलं. मला उठवलं नाही, बिचारी झोपू दे म्हणून. साडेतीनला मी पुन्हा दिलं. माझ्या हिशेबानं सहा तासांचं अंतर अगदी बरोबर होतं.

साडेचारला त्याला झटका आला. डोळे वर गेले, दातखीळ बसली, हातपाय ताठ होऊन उडायला लागले. सासूबाई कांदा फोडायला धावल्या, नवरा पायातली चप्पल हुंगवायला. मी काय केलं असेल? जीभ चावेल म्हणून दातांत चमचा घातला. हिरडी फुटली, रक्त आलं, आणि ते रक्त बघून तिघंही आणखी हबकलो. झटका दोन-अडीच मिनिटांचाच असावा. मला विचाराल तर तो अर्धा तास चालला होता.

तसेच दवाखान्यात धावलो. बालरुग्णतज्ज्ञ बाईंनी आधी त्याला तपासलं, मग म्हणाल्या, “औषधाची बाटली आणलीय का?” नशीब, नवऱ्यानं गडबडीत खिशात टाकली होती. त्यांनी ती चष्म्याजवळ नेली. मग माझ्यापुढे धरून बारीक अक्षरांवर नख ठेवलं, ५ मिलीत २५० मिलिग्रॅम. ती बाटली थोरल्याची, सहा वर्षांच्याची. धाकट्याची असते १२० वाली. चिठ्ठीतला आकडा एका बाटलीचा आणि पाजलेलं औषध दुसऱ्या बाटलीचं. त्यांनी केसपेपरच्या कोपऱ्यात गणित मांडलं. वजन ११ किलो, एका वेळेला किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, म्हणजे फार तर १६५. दोन डोसांत निदान चार तास, आणि चोवीस तासांत किलोमागे ६०, अगदी ताणून ७५. आम्ही सहा तासांत ७५० मिलिग्रॅम दिलं होतं. दिवसभराची मर्यादा सूर्य उगवायच्या आत गाठलेली. जास्तीच्या पॅरासिटामॉलचा घाव यकृतावर पडतो, म्हणून रक्त तपासलं, दिवसभर ठेवून घेतलं. रिपोर्ट चांगला आला. पण तो येईपर्यंत दवाखान्याच्या बाकावर मी जी बसले होते, ते मला अजून आठवतं.

थेंबांची छोटी बाटली त्याहून फसवी. तिच्यात एकाच मिलीत १०० मिलिग्रॅम असतं. सिरपचा डोस थेंबांच्या बाटलीतून गेला तर विचारायलाच नको. म्हणून ‘किती मिली’ विचारू नका, ‘कुठल्या बाटलीचं किती मिली’ विचारा. आणि स्वयंपाकघरातल्या चमच्यानं देऊ नका. आमच्या घरात चार चमचे आहेत आणि चारांची मापं चार. बाटलीसोबतची टोपी किंवा बिनसुईची सिरिंज वापरा. मोठ्यांची गोळी अर्धी करून देणं, मागच्या दुखण्यातलं उरलेलं दुसरं कुठलं तापाचं औषध देणं, हे पावसाळ्यात तर मुळीच नको. ताप डेंग्यूचा निघाला तर आयब्युप्रोफेनसारख्या औषधांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो.

आणि ज्या झटक्याच्या भीतीनं आम्ही रात्रभर औषध ओतत होतो, तो त्यानं टळत नाहीच. तापाचा झटका सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांत शंभरात दोन ते पाच जणांना येतो, बहुतेकदा आपोआप थांबतो, आणि त्यानं मेंदूला इजा होत नाही. ‘ताप डोक्यात गेला’ हे आपल्याकडचं बोलणं, मीही त्यावरच वाढले. झटका आला तर पोराला जमिनीवर कुशीवर वळवायचं, गळ्याजवळचं सैल करायचं, तोंडात काहीही घालायचं नाही, पाणीसुद्धा नाही, आणि घड्याळ बघायचं. पाच मिनिटं झाली तरी थांबला नाही तर १०८ ला फोन. थांबला तरी पहिल्या झटक्यानंतर डॉक्टरांना दाखवायचंच.

त्या दिवशी दवाखान्यात डॉक्टर बाई मला एक विचारत होत्या आणि मी दुसरंच सांगत होते. त्या म्हणाल्या, लघवी कधी केली? मी म्हटलं, १०३.२. पाणी पितोय का? मी म्हटलं, मग १०३.६ झाला. शेवटी त्या हसल्या. आकडा मला पाठ होता, पोर पाठ नव्हतं. ताप उतरल्यावर खेळतंय, पेज नाहीतर वरणाचं पाणी घोट घोट पितंय, लंगोट ओला होतोय, तर रात्र घरी काढता येते. शांत झोपलं असेल तर औषधासाठी उठवायचंही कारण नाही. पण हाका मारून नीट जागं होत नाही, श्वासाला बरगड्या आत ओढल्या जातात, मान ताठ आहे, सहा-आठ तास लघवी नाही, अंगावरचे लाल ठिपके दाबल्यावर फिकट होत नाहीत, तर थर्मामीटर काही का म्हणेना, निघायचं. तीन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर १००.४ लाच निघायचं. आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी ताप उतरूनही पोर गळून गेलं, हातपाय गार पडले, पोट दुखायला लागलं, तर ‘उतरला बाई एकदाचा’ म्हणून हुश्श करू नये. डेंग्यूत खरी काळजीची वेळ तीच असते.

फ्रिजवर आता एक वही टांगलीय, पेनसकट. वेळ, कुठली बाटली, किती, कोणी दिलं. परवा धाकटा पुन्हा तापला. मी बाटली उघडली तोच आतल्या खोलीतून सासूबाईंचा आवाज आला, “अगं, आधी वजन बघ त्याचं. तेराचा झालाय आता.”