धडा : हवेचा पाना

भिवापूरची मिरची नामांकित. ती बाजारात न्यायला कोणी छोटी मालगाडी घेतो, कोणी ट्रॅक्टर. घरी गाडी आली की चाक काढणे-बसवणेही आले. त्यावर काका-पुतण्याचे बोलणे झाले. ते वाचा.

पुतण्या : काका, गाडीच्या चाकाचा नट हलतच नाही. टायरच्या दुकानात हवेचा पाना असतो. टर्र आवाज होतो अन् नट सुटतो. आपणही एक आणू का?

काका : आणू. पण तो चालतो कसा, ठाऊक आहे?

पुतण्या : हवा नटाला जोराने पिळत असेल.

काका : नुसती पिळत नाही. गाडलेला खुंटा ढकलून हलतो का? ठोके द्यावे लागतात. इथेही तसेच. हवेने आतली पाती फिरतात. त्यांच्याबरोबर आतला हातोडा फिरतो. तो भराभर ठोके देतो. म्हणून गंजलेला नटही सुटतो.

पुतण्या : मग सर्वांत जोराचा पाना आणू.

काका : थांब. आधी कॉम्प्रेसर पाहा. असा पाना बहुधा 90 पौंड दाबावर चालतो. पण नुसता दाब पाहून भागत नाही. दर मिनिटाला हवा किती मिळते, तेही पाहावे. टायरात हवा भरायचा छोटा पंप इथे कामाचा नाही. मोठा पाना अन् लहान कॉम्प्रेसर म्हणजे मोठी मोट अन् कोरडी विहीर.

पुतण्या : अन् पान्याचे माप?

काका : तोंडाचा चौकोन अर्धा इंच असला की मोटारीला, छोट्या मालगाडीला पुरे. ट्रॅक्टरच्या मोठ्या चाकाला पाऊण इंची लागू शकतो. गोट्या जाड, ठोक्याच्या पान्यासाठीच केलेल्या घ्याव्या. साधी चकचकीत गोटी फुटू शकते. तुकडा डोळ्यात जातो. म्हणून डोळ्यांवर चष्मा हवा, कानांत बोळे हवे.

पुतण्या : आवळायलाही तोच वापरायचा ना?

काका : नाही बाप्पा! नट आधी हाताने लाव. मग एक इकडचा, एक समोरचा, असे आवळ. शेवटचा पीळ माप दाखवणाऱ्या पान्याने दे. लहान मोटारीच्या नटाला साधारण 100 न्यूटन-मीटर पीळ लागतो. म्हणजे एक मीटर दांड्याच्या टोकावर सुमारे 10 किलो वजन. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. जास्त आवळले तर आटे जातात. कमी आवळले तर चाक निखळते. चालत्या गाडीचे चाक निखळले तर माल राहू दे, माणूस जातो.

पुतण्या : मग घ्यावा की नाही?

काका : काम मोज. चाक वर्षातून दोन-तीनदाच काढायचे, तर लांब दांड्याचा हातपाना पुरे. दांडा दुप्पट लांब, तर त्याच जोरात पीळ दुप्पट. अन् नट थोडे ढिले करायचे ते जॅक लावण्याआधी, चाक जमिनीवर असतानाच. घरच्या चार गाड्यांचे काम नेहमीच निघत असेल, तर पाना कॉम्प्रेसरसह घेऊ. मग पान्यात तेलाचे थेंब टाकायचे, अन् टाकीतले पाणी सोडायचे. हे चुकवायचे नाही.

पुतण्या : समजले. आधी काम मोजावे, मग हवा, मग पाना.

शब्द
पीळ : फिरवण्याचा जोर.
गोटी : नटावर बसणारी पोकळ टोपी.
आटे : नट-बोल्टावरील चऱ्या.

प्रश्न
1. हवेच्या पान्याने गंजलेला नट का सुटतो?
2. शेवटचा पीळ कोणत्या पान्याने द्यावा? का?
3. तुमच्या घरी चाक वर्षातून किती वेळा निघते? तुम्ही कोणता पाना घ्याल?