जुनी मोटार, दडलेला दोष : वाहन परत बोलावण्याचे अर्थशास्त्र

मोटार विकत घेताना ग्राहक किंमत, इंधनखर्च आणि आसनव्यवस्था यांची तुलना करू शकतो. किल्लीमागच्या स्विचमधील स्प्रिंग पुरेशी ताठ आहे किंवा नाही, हे मात्र त्याला तपासता येत नाही. ती माहिती उत्पादकाजवळ असते. निदान असणे अपेक्षित असते. खरेदीदार आणि विक्रेता यांच्याजवळील माहितीतील या तफावतीला अर्थशास्त्रात 'असममित माहिती' म्हणतात. सुरक्षिततेशी निगडित दोष उघड झाल्यावर विकलेली वाहने परत बोलावून ती विनामूल्य दुरुस्त करून देण्याची पद्धत, म्हणजेच 'रिकॉल', हा या तफावतीवरील एक उपाय होय. बाजारपेठ असे दोष आपणहून का दूर करीत नाही, वाहन जुने झाल्यावर प्रश्न बिकट का होतो आणि भारतीय कायदा कितपत पुरा पडतो, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

बाजारपेठेचे अपयश

जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये असममित माहितीचे विवेचन करताना वापरलेल्या मोटारींच्याच बाजाराचे उदाहरण घेतले होते. चांगली आणि सदोष मोटार ग्राहकाला वेगळी ओळखता येत नसल्याने तो दोन्हींना सरासरी किंमत देऊ करतो. त्यामुळे चांगल्या मोटारींचे मालक बाजारातून बाहेर पडतात आणि सदोष मोटारींचे प्रमाण वाढत जाते. या विषयावरील कार्यासाठी अकरलॉफ यांना मायकेल स्पेन्स व जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासमवेत २००१ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

दुसरे कारण 'बाह्यता' हे होय. धावती मोटार अचानक बंद पडून अपघात झाला, तर त्याची झळ पादचाऱ्यालाही पोहोचते; खरेदी-विक्रीच्या व्यवहारात त्याचा काहीच सहभाग नसतो. म्हणून दायित्वाचा प्रश्न कायद्याने सोडवावा लागतो. अमेरिकी न्यायाधीश लर्नेड हँड यांनी १९४७ मधील एका निकालात यासाठी सुटसुटीत कसोटी मांडली : अपघाताची संभाव्यता आणि संभाव्य हानी यांच्या गुणाकारापेक्षा खबरदारीचा खर्च कमी असूनही ती घेतली नाही, तर तो निष्काळजीपणा ठरतो.

एक उद्बोधक उदाहरण

जनरल मोटर्सची शेवरोले कोबाल्ट ही छोटी मोटार अमेरिकेत २००५ च्या श्रेणीपासून विक्रीस आली. तिच्या इग्निशन स्विचची पकड सैल होती. किल्लीला जड जुडगा अडकवलेला असल्यास किंवा धक्का बसल्यास किल्ली आपोआप फिरत असे. मग धावत्या गाडीचे इंजिन बंद पडे, स्टिअरिंग व ब्रेक यांना मिळणारे यांत्रिक साहाय्य जाई आणि धडक झाल्यास एअरबॅग उघडत नसे.

स्विचमधील हा दोष कंपनीच्या सॅटर्न आयन या दुसऱ्या छोट्या मोटारीच्या विकासकाळात, २००१ मध्येच अभियंत्यांच्या निदर्शनास आला होता. तरीही २००५ मध्ये विक्रेत्यांना पाठविलेल्या सूचनापत्रात किल्लीच्या जुडग्यातील जड वस्तू काढण्याचा सल्ला ग्राहकांना द्यावा, एवढेच सांगितले गेले. २००६ मध्ये स्विचची रचना बदलण्यात आली. परंतु सुट्या भागाचा क्रमांक तोच ठेवला गेला. परिणामी जुना आणि नवा स्विच कागदोपत्री एकच राहिला व नंतरच्या मोटारींत दोष का आढळत नाही, याचा उलगडा तपास करणाऱ्यांना होईना. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा यंत्रणेनेही २००७ व २०१० मध्ये औपचारिक चौकशी सुरू न करण्याचा निर्णय घेतला.

अखेर फेब्रुवारी २०१४ मध्ये वाहने परत बोलावण्यास प्रारंभ झाला आणि मार्चअखेर ही संख्या सुमारे २६ लाखांवर गेली. सुटे भाग तयार नसल्याने अनेक मालकांना दुरुस्तीसाठी काही महिने थांबावे लागले. तोवर जुडगा काढून केवळ एकच किल्ली वापरा, असा सल्ला त्यांना देण्यात आला. कंपनीच्या भरपाई निधीने १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले व सुमारे ५९ कोटी ४० लाख डॉलर दिले. फौजदारी कार्यवाही मिटविण्यासाठी २०१५ मध्ये कंपनीने आणखी ९० कोटी डॉलर भरले. स्विचमधील सुधारणेचा खर्च म्हणून अमेरिकी काँग्रेसच्या २०१४ मधील सुनावणीत चर्चिला गेलेला आकडा प्रत्येकी सुमारे ५७ सेंट एवढा होता. हँड यांची कसोटी येथे लावून पाहण्यास गणिताची गरज भासत नाही.

वाहन जुने होते तेव्हा

या प्रकरणात दोषाचे ज्ञान आणि दुरुस्ती यांच्यामधील वर्षे विशेष लक्षात घ्यावी लागतात. २००५ ची मोटार परत बोलावली गेली तेव्हा ती सुमारे नऊ वर्षांची झाली होती. एवढ्या काळात तीन गोष्टी घडतात.

पहिली, मालक बदलतो. उत्पादकाच्या नोंदवहीत पहिल्या ग्राहकाचाच पत्ता राहिल्यास परत बोलावण्याची सूचना दुसऱ्या वा तिसऱ्या मालकापर्यंत पोहोचत नाही. दुसरी, वाहन तुलनेने कमी उत्पन्नाच्या कुटुंबाकडे जाते. दुरुस्ती विनामूल्य असली तरी सेवाकेंद्रापर्यंतचा प्रवास आणि बुडालेली मजुरी हा खर्च त्या कुटुंबावर पडतो. तिसरी, जुने वाहन बहुधा अधिकृत सेवाकेंद्राऐवजी स्थानिक गॅरेजमध्ये जाते. तेथे आढळलेला दोष उत्पादकाला कळत नाही आणि माहितीची साखळी दोन्ही बाजूंनी तुटते. म्हणजेच धोका सर्वाधिक असलेल्या गटापर्यंत उपाय सर्वांत कमी पोहोचतो.

भारतीय कायद्याची चौकट

भारतात प्रदीर्घ काळ ही प्रक्रिया उत्पादकांच्या इच्छेवर अवलंबून होती. मारुती सुझुकीने २०१० मध्ये इंधनगळतीच्या शक्यतेमुळे सुमारे एक लाख ए-स्टार मोटारी परत बोलावल्या होत्या. वाहन उत्पादकांच्या 'सियाम' या संघटनेने २०१२ मध्ये स्वेच्छा संहिता आणली. मोटार वाहन (सुधारणा) अधिनियम, २०१९ द्वारे कलम ११०-अ समाविष्ट झाले आणि या प्रक्रियेला वैधानिक आधार लाभला. पर्यावरणास, चालकास, प्रवाशांस किंवा रस्त्यावरील इतरांस हानी पोहोचविणाऱ्या दोषाबद्दल वाहने परत बोलावण्याचा आदेश केंद्र सरकार देऊ शकते. दुरुस्ती करून देणे, वाहन बदलून देणे किंवा किंमत परत करणे, असे उपाय त्यात आहेत. उत्पादकाने स्वतःहून दोष कळवून वाहने परत बोलावल्यास त्याला दंड होत नाही. दडविण्यापेक्षा सांगणे स्वस्त ठरावे, हा या प्रोत्साहनामागील हेतू आहे. मार्च २०२१ च्या अधिसूचनेनुसार १ एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या नियमांत दहा लाख ते एक कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

मात्र हे नियम सात वर्षांपेक्षा कमी वयाच्या वाहनांनाच लागू आहेत. खासगी मोटारीची पहिली नोंदणी मात्र पंधरा वर्षांसाठी वैध असते. म्हणजे कायदा ज्या वाहनाला रस्त्यावर धावू देतो, त्याच्या आयुष्याच्या उत्तरार्धात सक्तीच्या रिकॉलचे संरक्षण उरत नाही. कोबाल्टला हीच मर्यादा लावली असती, तर २००५ च्या मोटारी, म्हणजे ज्यांत जुना स्विच होता त्याच, बाहेर राहिल्या असत्या. अमेरिकेत विनामूल्य दुरुस्तीची मुदत २०१५ च्या कायद्याने दहावरून पंधरा वर्षे केली, हे येथे तुलनेसाठी पाहावे.

जुन्या वाहनाच्या मालकाला ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ चा मार्ग उरतो. या कायद्याच्या सहाव्या प्रकरणात 'उत्पादन दायित्व' ही संकल्पना असून रचनेतील दोषाबद्दलही उत्पादक जबाबदार ठरतो. कलम २० अन्वये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण धोकादायक वस्तू परत घेण्याचा आदेश देऊ शकते व त्या कलमात वस्तूच्या वयाची अट नाही. आयोगाकडील तक्रारीस मात्र कारण उद्भवल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे.

समारोप

सात वर्षांच्या मर्यादेचे समर्थनही करता येते. जुन्या वाहनातील बिघाड मूळ रचनेमुळे झाला की झिजेमुळे, हे ठरविणे कठीण असते आणि अमर्याद दायित्वाचा भार अखेर नव्या मोटारीच्या किमतीवर पडतो. परंतु झीज आणि रचनेतील दोष यांत फरक करणे हे चाचणी संस्थांचे काम आहे. वयाची सरसकट अट त्याला पर्याय ठरू शकत नाही. रचनेतील दोषांपुरती ही मुदत नोंदणीच्या कालावधीशी जोडणे आणि मालकी हस्तांतरणाच्या वेळी प्रलंबित रिकॉलची तपासणी अनिवार्य करणे, या दोन सुधारणा विचारार्ह आहेत. दोष वयाबरोबर उघड होतात. संरक्षणही तेवढे टिकले पाहिजे.

अभ्यासासाठी प्रश्न

१. असममित माहिती आणि बाह्यता यांच्या आधारे वाहन रिकॉलची आवश्यकता स्पष्ट करा.
२. मोटार वाहन (सुधारणा) अधिनियम, २०१९ मधील कलम ११०-अ आणि ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मधील कलम २० यांची तुलना करा.
३. वाहनाच्या वयावर आधारित दायित्व-मर्यादेचे गुणदोष सांगा.