डोळ्याच्या भिंगात रुतलेली स्टेरॉइडची कांडी

मधुमेहाने दृष्टिपटलाला सूज आली की काही रुग्णांच्या डोळ्यात डेक्सामेथासोनची ०.७ मिलिग्रॅमची कांडी सुईने सोडतात. बुबुळाच्या कडेपासून ३.५ ते ४ मिलिमीटरवर सुई टोचतात. कांडी भिंगामागे राहून काही महिन्यांत विरघळते. सुई पुढे झुकली किंवा रुग्णाने डोके हलवले, तर ती भिंगातच रुतू शकते. असे क्वचितच घडते. पण मग मोतीबिंदू होतो, डोळ्यातला दाबही चढू शकतो, आणि हा दाब पुष्कळदा दुखत नाही, म्हणूनच फसवा! भिंगाची मागची पिशवी फाटलेली असल्यास शस्त्रक्रियाही जोखमीची. भिंग व कांडी काढून कृत्रिम भिंग बसवतात. अजिंठ्याहून छत्रपती संभाजीनगर सुमारे शंभर किलोमीटर. म्हणून आम्ही विद्यार्थ्यांना सांगतो, घरच्या वडीलधाऱ्यांना फेरतपासणीला नेमल्या तारखेस न्या. अंधुक दिसू लागले तर त्याच दिवशी.