वाघनख आणि हिरवा दगड

प्रश्न : आमच्या शिराळ्याकडे लहान मुलाच्या गळ्यात चांदीत मढवलेलं वाघनख घालायची जुनी रीत होती. मेक्सिकोतले प्राचीन ओल्मेक लोक मात्र प्राणी दगडात कोरून अंगावर घालत, असं वाचलं. खरी नखं-दात सोडून ते दगडाकडे का वळले?
– एक वाचक, शिराळा, जि. सांगली

उत्तर : त्यांनी खरं सोडलं नव्हतं, हीच यातली गंमत आहे. 1942 मध्ये पुरातत्त्वज्ञ मॅथ्यू स्टर्लिंग यांना ला व्हेंता या ओल्मेक ठिकाणी बेसॉल्टच्या खांबांनी रचलेली एक समाधी सापडली. बेसॉल्ट म्हणजे आपल्या सह्याद्रीचाच काळा पाषाण. आत पाकट माशाचे खरे काटे होते, शार्कचा दात होता आणि जेड या हिरव्या दगडात कोरलेला पाकटाचा काटाही होता. मेसोअमेरिकेत, म्हणजे प्राचीन मेक्सिको आणि मध्य अमेरिकेच्या भागात, असे काटे स्वतःला टोचून देवाला रक्त वाहत. म्हणजे जेडचा काटा हा खऱ्याला स्वस्तातला पर्याय नव्हता. उलट तो मिळवणं कितीतरी कष्टाचं होतं. हे जेड शेकडो किलोमीटरवरच्या ग्वाटेमालातल्या मोताग्वा खोऱ्यातून येई. लोखंड नव्हतं, त्यामुळे वाळू-पाण्याने घासत, दोरीने कापत आकार काढावा लागे. पण त्याच्या हिरव्या रंगात त्यांना पाणी आणि मक्याचा कोवळा कोंब दिसे.

आता दगडात कोरलेले प्राणी. त्यांत आधी जॅग्वार, वाघाच्याच कुळातला. तो पोहतो, झाडावर चढतो, रात्री शिकार करतो. पाणी, जमीन, अंधार, सगळीकडे त्याचा संचार. माणसाचा चेहरा आणि त्याला जॅग्वारसारखं खाली वळलेलं तोंड, अशा मूर्ती ओल्मेक कलेत खूप आहेत. पूर्वीचे अभ्यासक अशा प्रत्येक चेहऱ्यात जॅग्वारच बघत. आता काहींत मगर, शार्क, गरुड, मक्याचा देवही ओळखले जातात, आणि मला हेच जास्त पटतं. एकाच चेहऱ्यात दोन-तीन प्राणी मिसळणं हीच त्या कारागिरांची खरी ताकद आहे.

आपल्या वाघनखामागची श्रद्धा प्रत्यक्ष वाघाच्या अंगावरच्या वस्तूवर होती. 1972च्या वन्यजीव कायद्याखाली वाघनखांची खरेदी-विक्री बंद झाली ते योग्यच झालं. तुमच्या चांदोलीच्या जंगलात वाघ टिकायचा तर त्याची नखं त्याच्याकडेच राहायला हवीत.

दगडाचं आयुष्य मात्र फार मोठं. मेक्सिको शहरातल्या, ओल्मेकांच्या फार नंतरच्या अॅझ्टेक लोकांच्या महामंदिरात पुरलेल्या वस्तूंमध्ये एक ओल्मेक मुखवटाही निघाला, हिरव्या दगडाचा. पुरला गेला तेव्हाच तो 2 हजार वर्षांहून जुना होता.