दुखणं लपवणारा खेळाडू

या वेळच्या पत्रांमध्ये एक पत्र वहीतून फाडलेल्या पानावर आलंय. लिहिणारा आठवीत आहे. ‘डॉक्टरकाका, मी दोन वर्षं बॅडमिंटन खेळतो. उजव्या गुडघ्याच्या वाटीखाली टेंगूळ आलंय. जिना चढताना आणि गुडघे टेकून बसलो की दुखतं. आईला सांगितलं तर ती अकॅडमी बंद करेल. सप्टेंबरमध्ये जिल्ह्याची शालेय स्पर्धा आहे. खेळ बंद न करता बरं होईल असं औषध सांगा.’ खाली नाव नाही, पण चौदा वर्षांखालच्या गटात खेळणार हे मात्र दोनदा लिहिलंय.

बाळा, न तपासता ठाम सांगता येत नाही, पण तू लिहिलंस ते ऑसगुड-श्लॅटर नावाच्या प्रकाराशी तंतोतंत जुळतं. मांडीचा पुढचा मोठा स्नायू वाटीवरून खाली येतो आणि एका जाड कंडरेनं नडगीच्या हाडाला जोडला जातो. तुझ्या वयात ती जोडाची जागा पक्क्या हाडाची नसते, कूर्चेची असते. नेटजवळ पडणारा ड्रॉप उचलायला तू उजवा पाय लांब टाकून लंज मारतोस, तेव्हा धावत आलेलं सगळं अंग त्या एका पायावर थांबतं आणि परत मागे जायला रेटाही त्याच पायानं द्यावा लागतो. दर वेळी कंडरा त्या कच्च्या जागेला ओढते. त्यातच १२ ते १५ या वयात मुलगा झपाट्यानं उंच होतो, हाड लांबतं, स्नायू मागे राहतो आणि ओढ वाढते. मुलींमध्ये हे एक-दोन वर्षं आधी दिसतं. वाटीच्या खाली तीन-चार बोटांवर जो उंचवटा लागतो त्यावर अंगठ्यानं दाब. नेमकं तिथंच ‘आई गं’ निघालं तर माझा अंदाज बरोबर असण्याची शक्यता बरीच आहे.

यावर गोळी नाही. वाढ पूर्ण झाली की दुखणं आपसूक थांबतं, त्याला कधी वर्ष, कधी दोन वर्षं लागतात. टेंगूळ मात्र बऱ्याचदा कायमचं राहतं आणि त्रास देत नाही. तोवर खेळ बंद करायचा का? बहुतेक मुलांना बंद करावा लागत नाही, मोजून खेळावा लागतो. शून्य म्हणजे काहीच नाही आणि दहा म्हणजे सहन होत नाही, असं धरून दुखण्याला गुण दे. खेळताना दुखणं तीनच्या आत राहिलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जिना नेहमीसारखा उतरता आला, तर तेवढा सराव तुला झेपतोय. सकाळी लंगडायला झालं तर कालचा सराव जास्त झाला, पुढच्या वेळी लंज आणि उड्या निम्म्या कर. त्या दिवसांत सर्व्हिस, नेटवरचं मनगटाचं काम, उभ्यानं मारायचे क्लिअर यांना भरपूर वेळ दे. प्रशिक्षकांना सांगितलंस तर तेही हाच बदल करून देतील. सरावानंतर रुमालात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं ठेव. भिंतीला पाठ टेकून, खुर्चीवर बसल्यासारखं, ३० ते ४५ सेकंद थांबायचं, असं चार-पाच वेळा, दिवसाआड. मांडी आणि पोटरी ताणायचे व्यायाम रोज. वाटीखाली बांधायच्या पट्ट्यानं काहींना बरं वाटतं, काहींना नाही. हवा तर बांधून बघ.

आणि आईला सांग. नाहीतर हे पान तिच्यासमोर ठेव.

आता पालकांशी बोलतो. बॅडमिंटनचं वेड लागलेलं मूल दुखणं सांगत नाही, कारण सांगितल्यावर काय होतं हे त्यानं शेजारच्या कोर्टवर पाहिलेलं असतं. ‘खेळ बंद करा’ हा सल्ला लिहून द्यायला डॉक्टरला अर्धं मिनिट लागतं. या वयातल्या बहुतेक दुखण्यांत तो देणं हा माझ्या मते आमच्या धंद्यातला आळस आहे. मुलाला वाटतं, दुखणं म्हणजे गुन्हा आणि डॉक्टर म्हणजे शिक्षा. मग ते लपवतं, आणि दोन आठवडे सराव कमी केला असता तर भागलं असतं, त्यासाठी पुढे चार महिने बसावं लागतं.

म्हणून विचारण्यापेक्षा बघा. जिना उतरताना कठडा धरतो का? पंगतीत मांडी घालताना एक पाय लांब सोडतो का? कोर्टवर पुढच्या उजव्या कोपऱ्यातला ड्रॉप पूर्वी पाय टाकून उचलायचा, आता कंबरेतून वाकून हात लांबवतो का? तसं असेल तर पाय वाचवायला तो पाठ खर्ची घालतोय. रात्री जेवताना सहज विचारा, ‘आज किती गुण?’ ‘तीन’ म्हटल्यावर तुम्ही अकॅडमीला फोन केला नाहीत, तर पुढच्या वेळी तो ‘पाच’ही खरं सांगेल.

काही दुखणी मात्र मोजत बसायची नसतात. रात्री झोपेतून जागं करणारं, ताप असलेलं, गुडघा सुजवणारं किंवा अडकवून ठेवणारं दुखणं असेल तर त्याच आठवड्यात डॉक्टरकडे जा. बारा-चौदा वर्षांचा, विशेषतः अंगानं भरलेला मुलगा गुडघा दुखतो म्हणून लंगडत असेल आणि गुडघ्यात काहीच सापडत नसेल, तर खुबा तपासलाच पाहिजे. तिथलं हाड सरकलेलं असलं तरी दुखतो गुडघाच, आणि तो उशीर महागात पडतो. हाडावर बोट ठेवण्याइतक्या एकाच जागी दुखत असेल आणि रोज वाढत असेल, तर ताणानं आलेली बारीक चीर असू शकते. पी. व्ही. सिंधूला २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत पायाला अशीच चीर पडली. तिथलं सुवर्णपदक तिनं जिंकलं, पण त्याच महिन्यातल्या जागतिक स्पर्धेला तिला मुकावं लागलं. ऑलिंपिकची दोन पदकं मिळवलेल्या, भोवती फिजिओ असलेल्या प्रौढ खेळाडूनं घेतलेला, तसंच खेळत राहण्याचा तो निर्णय होता. आठवीतल्या मुलानं त्याचा कित्ता गिरवायचा नाही.

स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी पालक येतात आणि म्हणतात, ‘डॉक्टर, एक इंजेक्शन मारा, उद्या फायनल आहे.’ मी मारत नाही. दुखणं बंद झालं म्हणून ताण कमी होत नाही, फक्त सांगणारा गप्प होतो. शिवाय घामानं पाणी कमी झालेल्या शरीरात वेदनाशामक औषधं मूत्रपिंडाला जड जातात. कूर्चेच्या त्या जागी स्टेरॉइडचं इंजेक्शन तर नकोच.

आता ज्यामुळे ही दुखणी येतात त्याकडे वळू. माझ्याकडे शाळकरी खेळाडूंची गर्दी एप्रिल-मे महिन्यांत होते. परीक्षा म्हणून जानेवारीपासून रॅकेट कपाटात जाते, शेवटचा पेपर संपतो आणि सोमवारपासून उन्हाळी शिबिर, सकाळी दोन तास आणि संध्याकाळी दोन तास. तीन महिने बसून असलेल्या पायांवर आठवड्याला २४ तास! तिसऱ्या आठवड्यात टाच, नडगी नाहीतर गुडघा बोलायला लागतो. आठ ते चौदा वर्षांच्या मुलांची टाच तर हमखास, कारण तिथंही वाढीची कच्ची जागा असते. किती खेळलं यापेक्षा किती अचानक वाढवलं, याची शिक्षा शरीर जास्त करतं. सोपा ठोकताळा असा, की मुलाचं वय जितकी वर्षं, आठवड्याला जास्तीत जास्त तितकेच तास शिस्तीचा सराव. तेरा वर्षांच्या मुलाला तेरा तास, आणि आठवड्यात किमान एक दिवस पूर्ण सुट्टी. शाळेतली पी.टी. आणि अकॅडमीतलं फिटनेस सत्र त्याच तासांत धरायचं. सुट्टीनंतर सुरुवात निम्म्यानं करून तीन-चार आठवड्यांत पूर्ण वेळेवर यायचं.

दहावीत खेळ पूर्ण बंद करण्याची आपल्याकडची पद्धत मला याच कारणासाठी पटत नाही. आठवड्याला तीन दिवस, तासभर खेळला तर अभ्यासाचं नुकसान होत नाही आणि मार्चनंतरची दुखापत टळते. राज्य मंडळ खेळाचे सवलतीचे गुण देतं ते वेगळंच. नागपूरच्या मालविका बन्सोडनं शाळा-कॉलेज सांभाळत खेळून जानेवारी २०२२ मध्ये इंडिया ओपनमध्ये सायना नेहवालला हरवलं होतं. प्रत्येक मुलगी मालविका होणार नाही, व्हायचीही गरज नाही.

दहा वर्षांच्या मुलाला फक्त बॅडमिंटनला जुंपू नका, हेही सांगून ठेवतो. सांगलीचे नंदू नाटेकर आधी टेनिस खेळायचे, कुमार राष्ट्रीय स्पर्धेत रामनाथन कृष्णन यांच्याकडून हरल्यावर बॅडमिंटनकडे वळले आणि १९५६ मध्ये मलायात परदेशी स्पर्धा जिंकणारे पहिले भारतीय बॅडमिंटनपटू ठरले. खो-खो, पोहणं, नुसतं झाडावर चढणं यांनी जे स्नायू तयार होतात ते एकाच हातानं रॅकेट चालवून होत नाहीत. पाचवीतल्या मुलाच्या नावापुढे मानांकन लिहायची घाई मला कळत नाही.

झोपेबद्दल पालक वाद घालतात, म्हणून आकडे देतो. १३ ते १८ वयाला ८ ते १० तास झोप लागते. शाळकरी खेळाडूंच्या एका अमेरिकी अभ्यासात आठ तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना दुखापत होण्याची शक्यता १.७ पट आढळली. पहाटे पाचचा सराव, सातची शाळा, संध्याकाळी क्लास आणि रात्री साडेअकरापर्यंत गृहपाठ, या दिनक्रमात आठ तास कुठून बसवणार? यातलं काहीतरी काढावंच लागेल. मी पहाटेचा सराव काढतो.

बॅडमिंटनच्या हॉलमध्ये वाऱ्यानं शटल भरकटतं म्हणून पंखे बंद आणि खिडक्या लावलेल्या असतात. मे महिन्यात तिथं दोन तास खेळलेल्या मुलाचा टी-शर्ट पिळून काढता येतो. सरावाआधी आणि नंतर वजन करा, किलोभर कमी झालं तर लिटरभर पाणी गेलं. तहान लागायची वाट न पाहता दर वीस मिनिटांनी चार घोट, आणि लांब सरावात लिंबू, साखर, मीठ घातलेलं सरबत. रंगीत बाटल्यांची गरज नाही. खेळायच्या तासभर आधी केळं किंवा गूळ-शेंगदाण्याचा लाडू, खेळून आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात दूध, अंडं किंवा उसळ-पोळी. प्रोटीनचे डबे मुलाच्या वयाला आणि तुमच्या खिशालाही नकोत. उपवासाच्या दिवशी सराव हलका ठेवा.

मुलींच्या बाबतीत दोन गोष्टी. दम लवकर लागत असेल, खेळ उगाच मंदावला असेल तर हिमोग्लोबिन तपासा. ते १२ च्या खाली असेल तर उपचार घ्या, मुलीच्या मेहनतीवर शंका घेऊ नका. सुरू झालेली पाळी तीन महिने आली नाही, किंवा पंधरा वर्षं झाली तरी सुरूच झाली नाही, तर ‘खेळणाऱ्या मुलींचं असं होतंच’ म्हणून सोडून देऊ नका. बऱ्याचदा खाणं खेळाला पुरत नसतं आणि त्याची किंमत हाडं मोजतात.

पाच-साडेपाच ग्रॅमच्या शटलला कोणी भीत नाही. पण त्याचं बूच डोळ्याच्या खोबणीत बरोबर बसण्याइतकं लहान असतं. दुहेरीत पुढे उभ्या असलेल्या खेळाडूनं आपला जोडीदार मागून मारतोय तेव्हा वळून बघायचं नाही, हे पहिल्याच आठवड्यात शिकवलं पाहिजे. डोळ्याला लागलं तर चोळायचं नाही, थेंब घालायचे नाहीत, दिसायला ठीक वाटलं तरी त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जायचं.

शेवटचा विषय टाळावासा वाटतो, पण टाळत नाही. ३० जून २०२४ ला इंडोनेशियात योग्यकर्ता इथं आशियाई कुमार स्पर्धेच्या सामन्यात झांग झिजी हा चीनचा १७ वर्षांचा खेळाडू कोर्टवर कोसळला आणि गेला. असं फार क्वचित होतं, त्या भीतीनं रॅकेट काढून घेऊ नका. मात्र खेळता खेळता चक्कर येऊन पडणं, खेळताना छातीत दुखणं, घरात कोणाचा तरुणपणी अचानक मृत्यू झालेला असणं, यातलं एकही असेल तर ईसीजी आणि हृदयाची तपासणी झाल्याशिवाय कोर्टवर पाठवू नका. कोसळलेलं मूल हाकेला ओ देत नसेल आणि श्वास नीट चालत नसेल, तर पाणी मारत आणि कांदा हुंगवत बसायचं नाही. एकानं १०८ ला फोन लावायचा, दुसऱ्यानं छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० या वेगानं जोरात दाब देत राहायचं. जून महिन्यात अकॅडमीची फी भरायला जाल तेव्हा छातीवर दाब द्यायला इथं कोणकोणाला येतं आणि हृदयाला झटका देणारं एईडी यंत्र कुठे ठेवलंय, एवढं विचारा. उत्तर आलं नाही तर आणखी चार पालकांना सोबत घेऊन पुन्हा जाऊन विचारा.